ध्वनिमुद्रणातील बिट : किती व केव्हा?

मुलांचे कवितावाचन, वृद्धांनी सांगितलेल्या गावच्या गोष्टी, आजीबाईंच्या जात्यावरील ओव्या यांचे ध्वनिमुद्रण मोबाईल फोनच्या अथवा लहान ध्वनिमुद्रकाच्या साहाय्याने करून ठेवणे आता शिक्षकांस सहज शक्य झाले आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील कित्येकींचे ध्वनिमुद्रण १९९० ते २००० या दशकात झाले, आणि त्या गायिकांपैकी काही आज हयात नाहीत. असा आवाज एकदा बिघडलेला मुद्रित झाला, तर तो पुन्हा मिळविता येत नाही. म्हणून मुद्रणयंत्रावरील ‘बिट’ या योजनेचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

ध्वनी म्हणजे हवेचे कंपन होय. अंकीय मुद्रणात या कंपनाची उंची एका सेकंदात हजारो वेळा मोजली जाते. हे माप किती बारीक घ्यावयाचे, ते बिटांची संख्या ठरविते. एका बिटाने दोन पायऱ्या मिळतात, दोन बिटांनी चार, तीन बिटांनी आठ. याप्रमाणे दुप्पट करीत गेल्यास १६ बिटांच्या ६५,५३६ आणि २४ बिटांच्या १,६७,७७,२१६ पायऱ्या होतात. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कसाठी १६ बिट हेच माप ठरले होते.

येथे एक गैरसमज टाळावा. पट्टीवरील खुणा वाढविल्याने पट्टीची लांबी वाढत नाही. त्याचप्रमाणे बिट वाढविल्याने अधिक मोठा आवाज सामावत नाही. वरची मर्यादा तीच राहते. ती ओलांडली की लहरींचा शेंडा कापला जातो व आवाज फाटतो. वाढीव बिटांचा लाभ होतो तो हळू आवाजास. प्रत्येक बिटामागे सुमारे ६ डेसिबलचा पल्ला वाढतो. म्हणजे १६ बिटांस सुमारे ९६, तर २४ बिटांस हिशेबाने सुमारे १४४ डेसिबल. प्रत्यक्षात नेहमीच्या वापरातील यंत्रे या शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचत नाहीत.

मुद्रण करताना २४ बिट निवडावे, याचे कारण यातच आहे. गाणाऱ्या बाईंचा स्वर केव्हा चढेल, किंवा मुले केव्हा एकदम हसतील, हे आधी सांगता येत नाही. यास्तव सर्वांत मोठा आवाज मर्यादेच्या सुमारे १२ डेसिबल खाली राहील, अशी पातळी ठेवावी. त्यामुळे वरचे दोन बिट राखीव राहतात. १६ पैकी १४ उरतात, २४ पैकी २२ उरतात. दुसऱ्या बाबतीत कोणतीच उणीव भासत नाही. काही नव्या यंत्रांत ३२ बिट फ्लोट ही सोय असते. तीत पातळी चुकली तरी ती बहुधा मागाहून सुधारता येते; परंतु ध्वनिग्राहकच सहन करू शकणार नाही इतका आवाज झाल्यास तीही निरुपयोगी ठरते.

ऐकविण्याची गोष्ट निराळी. पातळी एकदा निश्चित झाली की १६ बिट पुरेसे होतात. वर्गातील पंख्याचा व पटांगणातील गलबल्याचा आवाज त्याच्या सूक्ष्मतेपेक्षा कितीतरी मोठा असतो. १६ बिटांची फाइल २४ बिटांत बदलल्याने गुणवत्ता वाढत नाही, केवळ आकार वाढतो. मात्र २४ बिटांवरून १६ वर येताना ‘डिदर’ ही योजना चालू ठेवावी. ती अतिसूक्ष्म खरखर मिसळून हळू स्वरांची विकृती टाळते.

जागेचा हिशेबही पाहावा. सेकंदास ४८,००० मापे घेणाऱ्या मोनो मुद्रणास १६ बिटांत मिनिटाला ५.७६ मेगाबाइट, तर २४ बिटांत ८.६४ मेगाबाइट लागतात. अर्ध्या तासाच्या मुद्रणात हा फरक सुमारे ८६ मेगाबाइटचा होतो. एका दुर्मिळ आवाजासाठी ही किंमत अल्प होय.

सारांश, मूळ मुद्रण २४ बिटांचे व वेव्ह स्वरूपाचे असावे. त्याच्या दोन प्रती निरनिराळ्या ठिकाणी जपाव्यात, आणि वर्गात ऐकविण्यासाठी १६ बिटांची प्रत काढावी. यंत्रात २४ बिटांची सोय नसल्यास खोळंबून राहू नये. ध्वनिग्राहक बोलणाऱ्याच्या जवळ ठेवावा, पंखा बंद करावा, पातळी आधी तपासावी आणि १६ बिटांतच काम उरकावे. न मुद्रिलेल्या आवाजापेक्षा ते केव्हाही श्रेयस्कर.