हेम्प पिकेल, पण सातबारा कुणाचा?

हलक्या, पडीक जमिनीसाठी सध्या एका नव्या पिकाचा गाजावाजा चालू आहे. नाव हेम्प, म्हणजे औद्योगिक भांग. झाड गांजाच्याच कुळातले, पण नशा आणणारा टीएचसी हा घटक त्यात जवळजवळ नाही. खोडापासून धागा, कागद, बांधकामाच्या विटा. बियांपासून तेल आणि पीठ. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२१ साली हे बी, तेल आणि पीठ खाद्यपदार्थ म्हणून मान्यही केले. हलकी जमीन म्हटली की आपल्या लोकांनी कान टवकारलेच पाहिजेत. काळी भारी जमीन कुणाकडे आणि गावाच्या टोकाची मुरमाड जमीन कुणाकडे, हे सांगायला कुठल्या ज्योतिषाची गरज नाही. २०११ च्या जनगणनेत अनुसूचित जाती १६.६ टक्के, २०१५-१६ च्या कृषी गणनेत वहितीखालच्या क्षेत्रातला त्यांचा वाटा नऊ टक्क्यांहूनही कमी!

उत्तराखंडचे उदाहरण पाहू. हेम्पच्या व्यापारी लागवडीला परवाना देणारे ते पहिले राज्य, साल २०१८. त्याच वर्षी तिथल्या पलायन आयोगाने सांगितले की २०११ नंतर ७३४ गावे ओस पडली. ओस पडलेल्या पायऱ्यांच्या शेतांवर हेम्प लावा, माकडे-रानडुकरे त्याला तोंड लावत नाहीत, असा सरकारचा हिशेब. पण त्या डोंगरात हे पीक नवे नाही. ईस्ट इंडिया कंपनी दोरखंडासाठी कुमाऊँ-गढवालचा हा धागा विकत घेत असे. इंग्रजांच्या नोंदी सांगतात की गढवालमध्ये ही लागवड हलक्या मानलेल्या जातीच करीत. ब्राह्मण-राजपुतांना ती कमीपणाची वाटे. एखाद्याच्या घरी भांग पेरली जावो, ही तिथे शिवी होती. ज्याचा कालपर्यंत विटाळ, त्याचे आज 'स्टार्टअप' झाले. माल बाजारात महाग झाला की त्याचा विटाळ जातो. तो पिकवणाऱ्याचा मात्र जात नाही.

आपल्याकडे वेगळे काय घडले? अंबाडी आणि घायपाताचा वाख काढून कासरे, चऱ्हाटे, मोटेचा नाडा वळणारा मातंग समाज पिढ्यान्‌पिढ्या गावाची शेती बांधून देत आला. मोबदला काय, तर बलुत्याचे चार पसे धान्य. नायलॉनचा दोर आला आणि तेही गेले. तेव्हा धाग्याच्या भवितव्यावर कुणी परिषदा भरवल्या नाहीत.

आता प्रचारातली अर्धवट सत्ये. पाणी नको, खत नको, हे खरे नाही. धाग्याचे हेम्प उंच आणि सरळ वाढायला निचऱ्याची, कसदार जमीन आणि नत्र लागते. मुरमाडावर झाड जगेल, पण धागा देईलच असे नाही. कापणीनंतर खोडे कुजवावी लागतात, त्यालाही ओल हवी. मग धागा सोलण्याचे यंत्र. ते जवळपास नसेल तर हलकी पण अवाढव्य खोडे वाहून नेण्यातच पैसे संपतात. म्हणजे नफा शेतात नाही, यंत्राजवळ आहे. ऊस आणि साखर कारखान्याचे गणित ज्यांनी पाहिले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

त्याहून मोठा धोका कायद्याचा. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याचे कलम १४ धागा व बियांसाठी लागवडीची परवानगी देण्याचा अधिकार सरकारला देते. परवानगीशिवाय लागवड केली तर कलम २० नुसार दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उत्तराखंडात टीएचसीची मर्यादा ०.३ टक्के आहे. बियाणे भेसळीचे निघाले आणि नमुना मर्यादेबाहेर गेला तर कंपनीचा संचालक वकील लावील. बांधावर उभा असलेला बौद्ध किंवा मातंग शेतकरी काय लावील? शिवाय या कायद्यात आरोपीचा गुन्हेगारी हेतू आधी गृहीत धरला जातो. तो नव्हता हे त्यानेच सिद्ध करायचे.

आणि परवाना मागायला जमिनीचा कागद लागतो. आपली हजारो कुटुंबे मराठवाड्यात गायरान कसतात. १९६४-६५ च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तुरुंग भरले ते याच जमिनीसाठी. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ साली निघाला, तरी अनेकांचा सातबारा अजून कोराच. उद्या पडीक जमिनीला भाव आला तर आधी कुणाला उठवतील? सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपालसिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणे काढायला सांगितली, पण शासकीय अधिसूचनेने भूमिहीनांना किंवा अनुसूचित जाती-जमातींना पट्टे दिले असतील तर तो अपवाद ठेवला. तहसीलदार पहिले वाक्य वाचतात, अपवाद वाचत नाहीत.

बाबासाहेबांनी १९१८ सालीच लहान शेतीवरच्या निबंधात दाखवले होते की जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावर ठरत नाही, त्यावर लागणाऱ्या भांडवलावर आणि अवजारांवर ठरते. 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये त्यांनी शेती हाच राज्याचा उद्योग करा, असे मांडले. हेम्पला हीच फूटपट्टी लावा. गायरान कसणाऱ्याच्या नावे आधी पट्टा. तपासलेले बियाणे कृषी विद्यापीठाकडून. नमुना चुकला तर फौजदारीऐवजी फक्त पीक नष्ट करण्याची आणि भरपाईची तरतूद. सोलण्याचे यंत्र कसणाऱ्यांच्या सहकारी संस्थेच्या मालकीचे. एवढे लिहून मिळेपर्यंत आपल्या मुरमाडावर तूर-बाजरीच बरी. ती पेरायला परवाना लागत नाही.