प्लॅन १०० चा, स्पीड २० चा. दोष घरात की टॉवरवर?

शिष्यवृत्तीच्या फॉर्मची शेवटची तारीख. मुलगी मार्कशीट अपलोड करतेय आणि चक्र नुसतं फिरतंय. पवनारसारख्या गावात छतावर अँटेना लावून वायरलेस नेट घेतलं असेल, तर हे समजून घ्या.

जाहिरातीत ‘१०० एमबीपीएसपर्यंत’ असतं. यातला ‘पर्यंत’ महत्त्वाचा. टॉवरची क्षमता परिसरातल्या सगळ्यांत वाटली जाते; म्हणून इशानंतर, सगळे घरी असताना, स्पीड पडतो. अपलोडचा स्पीड तर बहुधा डाउनलोडपेक्षा कमीच असतो.

आधी दोष कुठे आहे ते शोधा. राउटरला लॅपटॉप केबलने जोडून स्पीड मोजा. एकदा फजरनंतर, एकदा रात्री. केबलवर चांगला आणि मोबाइलवर कमी, तर दोष घरातल्या वायफायचा. राउटर कपाटातून काढून मधल्या खोलीत उंचावर ठेवा. ५ गिगाहर्ट्झचं वायफाय जलद, पण जाड भिंतीपलीकडे लवकर कमजोर होतं. लांबच्या खोलीत २.४ वापरा.

केबलवरही कमीच? तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट ठेवा, कंपनीकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. दाद न मिळाल्यास कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वरही मदत मिळते.

आणि फॉर्म? तो शेवटच्या रात्रीवर ठेवू नका, सकाळीच भरा.