हिरवी खूण आणि खरी सही

आमचे एक स्नेही बरीच वर्षे इथे आखातात नोकरीला आहेत. पुण्यात फ्लॅट घ्यायचे ठरले, इसार दिला, आणि एके सकाळी वकीलसाहेबांच्या नावाने ई-मेल आला : उरलेली रक्कम सोबतच्या नव्या खात्यात भरावी. तळाशी 'डिजिटल सही केलेले' अशी अक्षरे, शेजारी हिरवी बरोबरची खूण. स्नेही निर्धास्त झाले. पैसे पाठवण्यापूर्वी निव्वळ सवयीने त्यांनी वकिलांना फोन केला, म्हणून बचावले. वकिलांनी खाते बदललेच नव्हते!

ती हिरवी खूण म्हणजे नुसते चित्र होते. मजकुरात कोणीही काहीही रंगवू शकतो. खरी सही तपासतो तो ई-मेलचा प्रोग्रॅम, आणि तो निकाल दाखवतो मजकुराच्या बाहेर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ. आउटलुकमध्ये तिथे तांबडी फीत दिसते. फितीवर क्लिक करावे, म्हणजे सही कोणाची आणि प्रमाणपत्र कोणी दिले ते कळते.

शिवकालीन पत्रांवर माथ्याशी मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपताच मर्यादेची मोहोर, म्हणजे खाली कोणी ओळ घुसडू नये. डिजिटल सही ही दोन्ही कामे एकदम करते. पाठवणाऱ्याचा संगणक सगळ्या मजकुराचा एक छोटासा गणिती ठसा काढतो आणि आपल्या खासगी किल्लीने त्यावर सही करतो. जोडीची सार्वजनिक किल्ली प्रमाणपत्रातून आपल्याकडे येते, आणि तिने ताळा पाहता येतो. एक स्वल्पविराम जरी बदलला तरी ताळा जमत नाही. दोन किल्ल्यांची ही कल्पना डिफी आणि हेलमन यांनी १९७६ साली मांडली. भारतात अशा सहीला २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिली.

आता खोच इथे आहे. सही 'वैध' असली म्हणजे माणूस सच्चा असे नव्हे. वकिलांच्या पत्त्यात एखादे अक्षर बदलून कोणी नवा पत्ता उघडला आणि त्याचे रीतसर प्रमाणपत्र मिळवले, तर त्याचीही सही वैधच ठरेल. म्हणून प्रमाणपत्रातला ई-मेल पत्ता आपल्या जुन्या पत्रव्यवहारातल्या पत्त्याशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावा. आम्हाला विचाराल तर निम्मी तपासणी एवढीच.

उलट, सही नापास झाली म्हणजे लबाडीच असेही नाही. कचेरीचा सर्व्हर तळाशी सूचनेच्या चार ओळी चिकटवतो आणि सही मोडते. परदेशी प्रोग्रॅमांच्या विश्वासू यादीत भारतीय प्रमाणपत्र-संस्था नेहमीच असतात असे नाही. मग सही खरी असूनही इशारा झळकतो. काही ठिकाणी, विशेषतः मोबाइलवर, फीत दिसत नाही, 'एसमाइम डॉट पी७एस' नावाची चिमुकली फाइल तेवढी दिसते. ती व्हायरस समजून लोक घाबरतात. ती बिचारी सहीच असते! आणि दुसऱ्याने पुढे धाडलेल्या पत्रात मूळ सही सहसा उरत नाही, तेव्हा मूळ मेलच जोडून मागवावा.

पुढच्या आठवड्यात वकिलांनी खरोखरीची सही केलेला मेल पाठवला. फीत दिसली, पत्ता जुळला. तरीही खात्याचा क्रमांक स्नेह्यांनी फोनवर एकेक आकडा वाचून घेतलाच.