कुत्रा वाफे का उकरतो?

गेल्या वर्षी मृगाच्या तोंडी खानापूर तालुक्यातील आमच्या धर्मग्रामातील एका शेतकऱ्याने घरामागे माडाची सहा रोपे लावली. खड्ड्यात शेणखत घातले, वर दोन ओंजळी हाडांचा चुरा आणि एरंडीची पेंड घातली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो दोन रोपे आडवी, माती अंगणभर आणि घरचा मोती नाकाला माती लावून ओट्याखाली बसलेला. शेतकऱ्याने काठीने त्याला झोडपले आणि रोपे पुन्हा उभी केली. त्या रात्री मोतीने तिसरा खड्डा उकरला. पुढच्या दुपारी तो ओकू लागला, संध्याकाळपर्यंत रक्ताची हगवण लागली आणि रात्री त्याला पायांवर उभे राहवेना.

घरच्यांचा संशय लगेच शेजाऱ्यावर गेला. त्याला कारणही होते. महिन्यापूर्वी मोतीने शेजाऱ्याचा वांगी-मिरचीच्या रोपांचा वाफा उकरून टाकला होता आणि शेजारी कुंपणाशी येऊन म्हणाला होता, "बांधून ठेवा त्याला, नाहीतर एक दिवस काही तरी होऊन बसेल." रागाच्या भरात बोललेले हे वाक्य आता सर्वांना आठवले. त्याने विष घातले असे घरातल्या म्हातारीने विहिरीवर चार बायकांत बोलून टाकले. पुढच्या रविवारी मिस्सेनंतर ही दोन घरे चर्चच्या दोन वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडली.

आम्ही समेट घडवायला गेलो, पण काम केले ते गुरांच्या डॉक्टरांनी. त्यांनी एकच प्रश्न विचारला: "खड्ड्यात काय घातले होते?"

एरंडीच्या बियांत रिसिन नावाचे जहाल विष असते. घाण्यातून तेल निघाले तरी ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. चांगली उष्णता देऊन ते नाहीसे करता येते, पण खत म्हणून विकली जाणारी पेंड तशी केलेली असेलच असे नाही. ही पेंड गुरांना घालायची नसते हे आपल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. कुत्र्याचा विचार मात्र कोणी करीत नाही, कारण कुत्रा पेंड खाईल असे वाटत नाही. नुसती पेंड त्याने कदाचित हुंगून सोडलीही असती. तिच्यात हाडांचा चुरा किंवा मासळीचे खत मिसळले की कुत्र्याच्या दृष्टीने आपण जमिनीत जेवण पुरून ठेवले असे होते. मोतीने तेच शोधून खाल्ले. विष घरच्या मालकानेच घातले होते, तेही माडांच्या मायेने.

या विषावर उतारा नाही. लक्षणे काही तासांनी दिसतात, कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. सलाईन, कोळशाची औषधी पूड आणि वेळेवर नेणे एवढेच हाती असते. मिठाचे पाणी पाजून ओकारी काढण्याचा घरगुती उपाय करू नये, त्याने जनावर आणखी बिघडते. मोती पाच दिवस सलाईनवर राहून वाचला. विहिरीवर बोललेले शब्द मात्र परत घेता आले नाहीत. ती दोन घरे एकमेकांशी बोलायला लागेपर्यंत भाताची कापणी आली.

हा प्रसंग एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की कुत्रा जमीन उकरतो तेव्हा आपण पहिल्यांदा काठी शोधतो. तो का उकरतो हे कोणी पाहत नाही. आम्हीही पाहिले नव्हते. बंगल्यावरच्या टायगरने आमचे कोबीचे वाफे लागोपाठ दोन हिवाळे उकरले आणि आम्ही लागोपाठ दोन हिवाळे त्याच्यावर ओरडलो. सेमिनरीत मानसशास्त्राच्या तासाला पावलॉव्ह आणि त्यांची घंटा शिकून परीक्षेत चांगले गुण मिळवलेल्या माणसाने असे करावे, ही लाजेचीच गोष्ट.

कारणे फार नाहीत. खताचा वास हे एक, ते वर आलेच. कुत्रा मोकळा फिरतो त्या परसात एरंडीची पेंड घालूच नये. तिथे कुजलेले शेणखत किंवा निंबोळी पेंड घालावी. एरंडीची पेंड वापरायचीच तर कुंपण असलेल्या शेतात, खोल घालून वर माती दाबावी, आणि हाडांच्या चुऱ्यात किंवा मासळीच्या खतात ती कधीही मिसळू नये. पोते बांधून उंचावर ठेवावे. कोंबडीची आतडी किंवा मासळीची डोकी परसात वरवर पुरण्याची सवयही सोडावी. जे पुरायचे ते हात-दीड हात खोल पुरून वर जड दगड ठेवावा.

दुसरे कारण उन्हाळा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. जीभ बाहेर काढून धापा टाकणे हाच त्याचा मुख्य उपाय. एप्रिल-मे महिन्यांत सगळीकडे जमीन तापलेली असते आणि ओली, गार माती एकाच ठिकाणी असते: आपण नुकतेच पाणी घातलेल्या वाफ्यात. तो दोन पायांनी वरची माती बाजूला करतो आणि पोट टेकून पडतो. शेजाऱ्याचा मिरचीचा वाफा मोतीने उकरला तो याचसाठी, कारण त्याला स्वतःच्या घरी दिवसभर पत्र्याच्या पडवीत बांधलेले असे. फणसाच्या किंवा आंब्याच्या दाट सावलीत दोन-तीन पाट्या वाळू टाकावी, सकाळी आणि दुपारी तिच्यावर पाणी शिंपडावे, जवळ पाण्याचे मातीचे भांडे ठेवावे. एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात.

तिसरे कारण उंदीर आणि घुशी. कुत्रा एकाच जागी, बांधाच्या कडेने, नाक खुपसून उकरत असेल तर त्याला मारण्याआधी बीळ आहे का ते पाहावे. पुष्कळदा तो तुमचेच काम करीत असतो. इथे एक धोका आहे. बिळात झिंक फॉस्फाईडच्या गोळ्या टाकल्या असतील तर कुत्रा ते आमिष खाऊन किंवा मेलेला उंदीर खाऊन मरू शकतो. औषध घातलेले असेल तितके दिवस कुत्रा बांधावा आणि मेलेले उंदीर रोज गोळा करून खोल पुरावेत.

कुत्री गाभण असेल तर तिचे उकरणे वेगळे. तिचे दिवस साधारण त्रेसष्ट. शेवटच्या आठवड्यात ती पिलांसाठी जागा करू लागते. गोठ्याच्या कोपऱ्यात जुनी पोती घालून आडोसा करून द्यावा, म्हणजे वाफा वाचतो.

आणि कंटाळा. एक-दोन वर्षांचे तरुण कुत्रे दिवसभर साखळीला असते, संध्याकाळी सुटते आणि सगळी रग मातीवर काढते. त्याला सकाळी गुरांबरोबर शेताकडे न्यावे. दमलेला कुत्रा वाफ्याकडे फारसा वळत नाही.

आता शिकवणीविषयी. घरी येऊन उकरलेला वाफा पाहून कुत्र्याला मारणे म्हणजे काठी फुकट घालवणे. दोन तासांपूर्वी जे केले त्याचा आणि आताच्या माराचा संबंध कुत्र्याला जोडता येत नाही. "पण तो अपराध्यासारखा कान पाडून बसतो की," असे लोक म्हणतात. अमेरिकेतील संशोधिका अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली हेच तपासून पाहिले. कुत्र्याचा तो पडेल चेहरा त्याने खरोखर अपराध केला की नाही यावर अवलंबून नसतो, मालक रागावला की नाही यावर असतो असे त्यांना आढळले. तो पश्चात्ताप नव्हे, तुमच्या चेहऱ्याची भीती आहे. मार खाल्लेला कुत्रा एवढेच शिकतो की मालक समोर असताना उकरायचे नाही.

शिकवायचे ते प्रत्यक्ष उकरत असताना. एकच शब्द ठरवावा आणि घरातील सर्वांनी तोच वापरावा. आमच्या भागात हे सोपे नाही: आजी कोकणीत ओरडते, मुले मराठीत "नको" म्हणतात, गडी कानडीत "ब्याड" म्हणतो आणि पाहुणा "हाड" म्हणतो. तीन भाषांत अडकलेल्या कुत्र्याने तरी काय करावे? शब्द ठाम आवाजात एकदाच म्हणावा, कुत्रा थांबला की लगेच त्याला हाक मारून वाळूच्या जागेवर न्यावे, आणि तिथे पाय मारू लागताच सुकटीचा चिमूटभर तुकडा द्यावा. "लगेच" म्हणजे एक-दोन सेकंदांत. घरात जाऊन डबा शोधेपर्यंत कुत्रा भलतेच काही करीत असतो आणि बक्षीस त्याचे मिळते. म्हणून तुकडे खिशात ठेवावेत. वाळूत मधूनमधून एखादे मोठे हाड पुरून ठेवावे. उकरणे हा कुत्र्याचा स्वभाव आहे, तो जाणार नाही. जागा तेवढी बदलता येते. जेवणाआधी पाच मिनिटे, दिवसातून दोनदा, असे तीन-चार आठवडे तरी चालवावे.

गावठी कुत्रे शिकत नाही, हा समज निराधार आहे. बागलकोट जिल्ह्यातील मुधोळची कुत्री आपल्या शेजारचीच. भारतीय टपाल खात्याने २००५ साली त्यांचे तिकीट काढले आणि २०१६ साली लष्कराने ती शिकवणीसाठी मेरठला नेली. अंगणातल्या मोतीला "ये", "बस" आणि "सोड" एवढे तीन शब्द शिकवायला लष्कर लागत नाही.

शिकवण पुरी होईपर्यंत वाफा राखायला हवा. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्या वाफ्याच्या कडेने रोवाव्यात. नवीन रोपांभोवती कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी जमिनीवर आडवी अंथरून वर दोन बोटे माती पसरावी; पंजा जाळीत अडकला की कुत्रा नाद सोडतो. जाळीची टोके वर राहू देऊ नयेत. तिखटाची पूड टाकू नये. तिने कुत्र्याचे डोळे आणि नाक भाजते, वाऱ्याने ती आपल्या मुलांच्याही डोळ्यांत जाते.

उकरलेल्या वाफ्याचा आरोग्याशीही संबंध आहे, आणि तो रोपांपेक्षा महत्त्वाचा आहे. कुत्र्याच्या विष्ठेतून गोलजंतांची अंडी मातीत पडतात आणि तिथे वर्षानुवर्षे जिवंत राहू शकतात. माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांच्या पोटात ती जातात. हूककृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात आणि नागमोडी, खाजणाऱ्या रेषा उमटवतात. पिलांना दोन आठवड्यांची झाल्यापासून तीन महिन्यांची होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी जंतांचे औषध द्यावे, मोठ्या कुत्र्याला दर तीन महिन्यांनी. वाफ्यातली विष्ठा रोज उचलून पुरावी आणि कोथिंबीर-मुळा भरपूर पाण्यात धुऊनच खावा.

रेबीजची लस पिलू तीन महिन्यांचे झाले की टोचून घ्यावी आणि पुढे दरवर्षी. आपल्या सीमेपलीकडे गोव्यात कुत्र्यांना लस टोचण्याची मोठी मोहीम झाली आणि २०२१ साली राज्य सरकारने गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केले. म्हणजे हे जमणारे काम आहे. घरचाच कुत्रा चावला किंवा त्याचे नख लागले तरी जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी, चुना-हळद-तिखट काही लावू नये आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे. पोटातल्या चौदा सुयांची भीती मनातून काढून टाकावी. त्या प्रकारच्या लशीचे उत्पादन भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाले. आता सुया दंडावर आणि थोड्याच असतात. मात्र ठरलेली एकही चुकवू नये.

बंगल्यावरच्या टायगरला फणसाखाली वाळूची जागा करून आता सव्वा वर्ष झाले. कोबी यंदा पुरा हाती आला. अबोलीच्या वाफ्याचा एक कोपरा मात्र तो अजून सोडत नाही. तिथे आम्ही चिऱ्याचे दोन दगड ठेवले आहेत.