जुन्या जीपचें डावें चाक

कापसाची वेचणी चालू असतां मोझरीच्या शेतांत आमच्या जुन्या जीपचें डावें चाक पंक्चर झालें. नट सुटेना, म्हणून पान्यास लोखंडी नळी जोडून आम्हीं जोर केला. तेव्हां स्टड तुटला, पाना निसटला व बोटें सोलून निघालीं. दोष गाडीचा नसून आमच्या घाईचा होता.

मुंबईस ज्यांची जुळणी झाली, त्या विलिस घराण्यांतील अनेक जुन्या जीपांच्या डाव्या चाकांचे आटे उलटे असत. चाक फिरतांना नट सैल होऊं नये, हा त्यांतील हेतु. असा नट घड्याळाच्या कांट्याच्या दिशेनें फिरविल्यास सुटतो. स्टडाच्या टोकावर इंग्रजी 'एल' अक्षर आहे काय, हें प्रथम पाहावें.

दुसरें, या गाड्यांचे नट बहुधा इंची मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यास १३ चा पाना बसल्यासारखा वाटतो, परंतु जोर लावतांच नटाचे कोपरे झिजवितो.

तिसरें, आपल्या काळ्या जमिनींत जॅक रुततो. त्याखालीं जाड फळी घालावी व इतर चाकांस दगड लावावे. केवळ जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. स्टड बाजारांत मिळतो. हात मिळत नाहीं.