कौले उतरवली तेव्हा

मे महिना लागला की पुण्यातल्या घरांतून सहलींचे बेत सुरू होतात. आमच्या वेल्ह्याकडच्या माणसाला मात्र मे महिना म्हटला की घराचे पाखे आठवतात. कुठले कौल फुटले, कुठला वासा वाकला, वानरांनी यंदा किती नासधूस केली, याचा हिशेब मनात सुरू होतो. नोकरीच्या निमित्ताने पुण्यात येऊन मला तीस वर्षे झाली, तरी वळवाचा पहिला थेंब पडला की माझी नजर अजून वर जाते. फ्लॅटच्या छताला कौले नसतात, हे मग लक्षात येते.

२०२५ च्या मे महिन्यात दादाचा फोन आला. "माईची ऑर्डर आली. वीज कंपनीत. गावानं सत्कार ठेवलाय. तू चार दिवस आधी ये."

"सत्काराला चार दिवस आधी कशाला?"

"सत्काराला नव्हं रे, कौलांला."

माई म्हणजे माझी पुतणी. आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा कोर्स करणारी आमच्या वाडीतली पहिली मुलगी. ती या कोर्सला गेली तेव्हा भावकीतल्या एकांनी दादाला विचारले होते, "पोरीला काय खांबावर चढवणार का?" आता तेच गृहस्थ सत्कार समितीत होते आणि त्यांच्या नावासकट माईचा फोटो असलेला फलक रस्त्याला लागला होता. मी एस.टी.तून उतरलो तो त्या फलकाखालीच. फलकावर माईपेक्षा शुभेच्छुकांचे फोटो मोठे होते. पण हे आता सगळीकडेच आहे, त्याचे कोणी मनावर घेत नाही.

ज्यांनी हा मुलूख पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येला भोर आणि वेल्हे हे दोन तालुके सह्याद्रीला पाठ लावून बसले आहेत. भोर हे पंत सचिवांच्या संस्थानचे गाव. त्यांचा राजवाडा आजही तिथे उभा आहे आणि कितीतरी चित्रपटांतून आपण तो नकळत पाहिलेला असतो. वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा, बाजूला राजगड. २०२४ साली सरकारने वेल्हे तालुक्याचे नाव 'राजगड' करण्याचा निर्णय घेतला. आमच्या तोंडात मात्र अजून वेल्हेच येते. इथला पाऊस म्हणजे पुण्यातला पाऊस नव्हे. इथे तो आडवा येतो आणि आठ-आठ दिवस हटत नाही. म्हणून तर इथे भात पिकतो. आणि म्हणूनच इथे घर हे दरवर्षी थोडे थोडे नव्याने बांधावे लागते.

कौलारू घराची रचना साधी असते. वर आढे, आढ्यापासून दोन्ही अंगांना उतरणारे वासे, वाशांवर आडव्या रिपा आणि रिपांना अडकवलेली कौले. वरच्या कौलाचे तोंड खालच्या कौलावर आले की पाणी निमूट वळचणीला येते. पण कौलांच्या खाचांत धूळ, पाने आणि शेवाळ साचले की पाणी तुंबते, उलटे फिरते आणि आत शिरते. आत आलेले पाणी जमिनीवर ठिबकले तर भांडे ठेवता येते. भिंतीच्या माथ्यात मुरले तर इलाज नाही. मातीची भिंत पाणी पिते, जड होते, पोट काढते आणि एखाद्या रात्री बसते. त्यासाठी दर मे महिन्यात कौले उतरवायची, घासायची, फुटकी बदलायची आणि पुन्हा चढवायची. पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून कारवीचा कूड बांधायचा. याला आम्ही घर शाकारणे म्हणतो.

यंदा मात्र घरात वाद होता. दादाला कौले कायमची उतरवून पत्रा टाकायचा होता. "दरसाल कोण चढणार? माझे गुडघे गेले. पोरगी नोकरीला चालली." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. कौले चाळायला आता गडी मिळत नाहीत, आणि मिळाले तर त्यांची मजुरी परवडत नाही. स्लॅब टाकावा तर मातीच्या भिंती तो पेलणार नाहीत, सगळे घरच पाडावे लागेल. पत्रा एकदा टाकला की पुष्कळ वर्षे बघायला नको. पण पत्र्याखाली उन्हाळ्यात माणूस भाजून निघतो आणि पावसात शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. वहिनी कौलांच्या बाजूने होत्या, पण बोलत नव्हत्या. खरी गोष्ट अशी, की सत्काराला पाहुणे येणार, पुढारी येणार, आणि आपले घर जुनाट दिसेल, हे दादाच्या मनाला लागले होते.

माई म्हणाली, "बाबा, सत्कार माझा हाय का घराचा?"

शेवटी तोड निघाली. गोठ्यावर पत्रा, घरावर कौले. आणि मधल्या खणाची एक तुळई वाळवीने पोखरली होती ती बदलायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला सुरुवात झाली. माई ओढणी कमरेला बांधून शिडीवर चढली तेव्हा दादा सवयीने ओरडला, "अगं उतर खाली, मोडशील एखादं हाड!" आणि मग त्याचे त्यालाच हसू आले. जिला उद्यापासून विजेच्या खांबावर चढायचे आहे, तिला घराच्या पाख्यावर चढू नको म्हणून कसे सांगणार? लहानपणी ती गुपचूप चढायची आणि मार खायची. आता ती वर, मी शिडीवर, दादा खाली आणि वहिनी कौले घासायला, अशी साखळी लागली.

दुपारी भोरहून आत्या आली. माझी आत्या ऐंशीला टेकली आहे. भाटघरच्या जलाशयाच्या कडेला तिचे सासर. १९२८ साली वेळवंडी नदीवर धरण झाले तेव्हा कित्येक घरे वर सरकली, त्यातलेच तिच्या सासऱ्यांचे. आल्या आल्या तिने वर पाहिले आणि म्हणाली, "पोरीची जात कौलांवर! माझ्या बापानं बघितलं असतं तर..." वाक्य तिने तसेच सोडले. ती माहेरी आली की आजोबांचा विषय असाच अर्धा सोडते, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होते. कारण मात्र त्या दिवशी कळले.

तिसऱ्या प्रहरी तुळई काढायला घेतली. तिचे टोक भिंतीत होते, म्हणून वरची माती फोडावी लागली. माती फोडताना आत एक लिंपून बंद केलेला कोनाडा निघाला. त्यात पत्र्याचा एक डबा होता. माईने तो वरूनच उघडला. आत शेतसाऱ्याच्या पावत्या, जमिनीचे दोन-तीन जुने कागद आणि सगळ्यांच्या तळाशी, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेले, आत्याचे सातवी पास झाल्याचे प्रमाणपत्र. साल १९६१.

त्या परीक्षेला लोकांच्या बोलीत 'फायनल' म्हणत. तेव्हा खेड्यात फायनल झालेला माणूस म्हणजे शिकलेला माणूस. त्या बळावर प्राथमिक शाळेत मास्तर होता येत असे. आत्या दोन ओढे ओलांडून शाळेला जायची आणि वर्गात मुलगी ती एकटी. मास्तरांनी आजोबांना गळ घातली होती, की हिला पुण्याला ट्रेनिंगला पाठवा, मास्तरीण होईल. आजोबा कसेबसे तयार झाले. जुलैत जायचे ठरले. आणि १२ जुलै १९६१ ला आमच्याच तालुक्यातले पानशेतचे धरण फुटले. त्या लोंढ्याने खडकवासलाही टिकले नाही आणि नदीकाठच्या पेठांत हाहाकार झाला. ज्या ओळखीच्या घरी आत्या राहणार होती, ते घरच वाहून गेले. "औंदा राहू दे, फुडल्या साली बघू," आजोबा म्हणाले. पुढच्या साली तिचे लग्न झाले.

"लग्नाच्या टायमाला म्या दादांना म्हनलं, माझा तेवढा कागद द्या," आत्या सांगत होती. वडिलांना ती दादा म्हणायची. "तर म्हनले, गावंना कुठं. म्या समजले, चुलीत घातला असंल. सासरी जाऊन पोरीनं मास्तरकीचा हट्ट धरू नये म्हनून."

साठ वर्षांहून अधिक काळ ती हे धरून बसली होती. आजोबा गेले तेव्हा ती आली, रडली, पण हे मनातून गेले नव्हते. आणि कागद तर डब्यात होता. मी पावत्या एकेक करून पाहिल्या. सर्वांत अलीकडची १९७२ ची होती, दुष्काळाच्या वर्षाची. म्हणजे आत्याचे लग्न होऊन दहा वर्षे झाल्यावरही आजोबांनी तो डबा उघडला होता, पावती ठेवली होती, आणि फडक्यातला कागद पुन्हा जागेवर ठेवून कोनाडा लिंपला होता. दहा वर्षे जो कागद हाताखालून जात होता, तो त्यांना गवसला नव्हता असे कसे म्हणावे? मग दिला का नाही? लेकीच्या वाटेतून तो दूर ठेवायचा होता, की घरात आलेला विद्येचा पहिला कागद घराबाहेर जाऊ द्यायचा नव्हता? जमिनीच्या कागदांशेजारी ठेवला, इतके तर खरे. त्यांच्या लेखी त्याहून मौल्यवान जागा नव्हती.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हंजी टाकला न्हवता."

आमच्या भागात एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगतात. महाराजांनी तोरण्याची डागडुजी काढली तेव्हा तिथे धन सापडले आणि त्यातून राजगड उभा राहिला. लहानपणी आम्ही प्रत्येक पडक्या भिंतीत हंडा शोधायचो. आमच्या डागडुजीत एवढेच सापडले. त्यातून गड काही उभा राहणार नव्हता.

यात एक गोष्ट विसरलो होतो, ती म्हणजे आभाळ. त्या वर्षी पावसाला भलतीच घाई झाली होती. पुढे २६ मे रोजी मोसमी पाऊस मुंबईला पोचला, इतका लवकर पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. त्याच्या आधीच अवकाळीने झोडपायला सुरुवात केली होती. आम्ही कागदात गुंतलेलो असताना तोरण्याच्या अंगाने काळे ढग भरून आले आणि मधला खण सगळा उघडा. मातीच्या भिंतींचे माथे उघडे. दादाच्या तोंडचे पाणी पळाले. मग मात्र हाक मारावी लागली नाही. शेजारचे, भावकीतले, ज्यांच्याशी बांधावरून बोलणे बंद होते तेसुद्धा धावत आले. पाखे भरेपर्यंत हातोहात कौले चढली. खांबावर चढणारी पोरगी कशाला म्हणणारे ते गृहस्थ शिडी धरून उभे होते आणि वरून माई त्यांना सांगत होती, "काका, हलवू नका, नीट धरा!" आत्या ओट्यावर डबा पदराखाली घेऊन बसली होती. शेवटची ओळ लागली आणि पाऊस कोसळला. दोन ठिकाणी गळले, तिथे पातेली ठेवली.

रविवारी सत्कार झाला. मांडव, खुर्च्या, शाल, श्रीफळ आणि भाषणे. कोणी म्हणाले हे गावाच्या संस्कारांचे यश, कोणी म्हणाले घराण्याच्या परंपरेचे. दोन तासांत वहिनींचे नाव एकदाच आले, तेही जेवणाची व्यवस्था चांगली झाली म्हणून. आपल्याकडे यशाचे कौतुक करताना आपण सारे आढ्याकडे पाहतो. खालच्या खांबाला कोणी हात लावून पाहत नाही. हे मी शहाणपण म्हणून सांगत नाही. माझेही तेच झाले आहे. माझ्या नोकरीच्या पेढ्यांच्या वेळी आत्या याच घरात पोळ्या लाटत होती, आणि ती काय शिकली आहे हे मी तिला कधी विचारले नव्हते.

माईच्या मनात आत्याला व्यासपीठावर बोलवायचे होते. आत्याने साफ नकार दिला. "आता कशापायी? लोक म्हनतील म्हातारीला हौस आली." माईने आग्रह केला नाही. तिचे भाषण चार वाक्यांचे झाले. त्यात ती एवढेच म्हणाली, की आमच्या घरात शिकलेली मुलगी मी पहिली नाही, पहिली १९६१ सालची आहे आणि ती शेवटच्या रांगेत बसली आहे. लोकांनी मागे वळून पाहिले. आत्याने पदर पुढे ओढला. पण वहिनी तिच्या शेजारी बसल्या होत्या, त्यांनी मला नंतर सांगितले, की आत्याने त्या क्षणी हातातल्या पिशवीतला डबा घट्ट धरला होता.

जाताना आत्याने पावत्या दादाला परत दिल्या. "ह्या तुमच्या. ह्यो माझा." तिच्या सासरच्या गावाजवळ, भाटघरच्या पाण्यात कांबरेश्वराचे देऊळ आहे. वर्षातले कितीतरी महिने ते बुडालेले असते आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की दिसू लागते. एस.टी.त बसता बसता ती म्हणाली, "आमच्या कांबरेश्वरावानी झालं बघ. व्हता तिथंच, दिसत न्हवता."

जुलैत मी पुन्हा गावी गेलो. भातलावणी जोरात होती. माईची नेमणूक दुसऱ्या तालुक्यात झाली होती, ती सुट्टीवर आली होती. रात्री स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात टपटप सुरू झाली. दादा म्हणाला, "बघ, म्हनलं व्हतं पत्रा टाकू." माई उठली, माळ्यावर गेली, आतूनच हात घालून एक कौल जरासे वर सरकवले आणि खाली आली. टपटप थांबली. दादा काही बोलला नाही. त्याने पातेले उचलून जागेवर ठेवले आणि वहिनींना म्हणाला, "फुडल्या सालाला शंभर कौलं जास्तीची आणून ठिवू."