फ्लूच्या संशोधनाचा आलेख काय सांगतो?

फ्लूवरचे शोधनिबंध वर्षवार मोजून आलेख काढला, तर तो आजाराच्या भारापेक्षा साथीच्या भीतीबरोबर जास्त चढतो. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये एच५एन१ या बर्ड फ्लूने १८ जणांना गाठले, त्यातले ६ दगावले; तिथून बर्ड फ्लू हा संशोधनाचा मोठा विषय झाला. २००९ मध्ये स्वाइन फ्लू जगभर पसरला, भारतातला पहिला बळी पुण्यात गेला आणि निबंधांची संख्या झपाट्याने फुगली. याउलट नेहमीचा हंगामी फ्लू दरवर्षी जगात अंदाजे २ लाख ९० हजार ते साडेसहा लाख जीव घेतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्याच्यासाठी मात्र आलेखात अशी उसळी दिसत नाही. म्हणजे ही संख्या आपले लक्ष कुठे आहे, ते मोजते.

यावर कोणी म्हणेल, विषाणू नवा तर प्रश्नही नवे, मग निबंध वाढणारच. बरोबर आहे. पण साथीत उत्तरे लवकर मिळतात ती आधीच्या संथ कामामुळे. माणसातला फ्लूचा विषाणू १९३३ मध्ये लंडनमध्ये वेगळा केला गेला, १९५२ पासून जागतिक देखरेखीचे जाळे उभे आहे. २००९ ची लस काही महिन्यांत आली ती याच पायावर. दुसरा आक्षेप असा, की संख्या म्हणजे गुणवत्ता नव्हे. खरेच नव्हे, म्हणून निबंधांत एकत्र येणारे शब्द आणि परस्परांचे संदर्भही तपासतात. तहान लागल्यावर विहीर खणण्याची आपली सवय मात्र साधी मोजणीही दाखवून देते.